डबक्यावरचा तांडेल

तो धरणाच्या पाण्यात थुंकायचा. सहज, तोंडात आलं म्हणून नव्हे. मुद्दाम, नेम धरून. नाव मध्यावर आली की तंबाखूची पिंक नावेच्या कडेवरून खाली सोडायचा आणि ती पाण्यात विरेपर्यंत तिच्याकडं बघत राहायचा, एखादा हिशेब चुकता केल्यासारखा.

मी पहिल्यांदा त्याच्या नावेत बसलो तेव्हा या भागात नवा होतो. मुळशीच्या धरणाकाठच्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती. पुण्यात वाढलेल्या माणसानं तेवढं पाणी एका जागी कधी पाहिलेलं नसतं. चारी बाजूंना डोंगर, त्यांची सावली पाण्यात, वर आभाळ. मी म्हणालो, "काय सुंदर पाणी आहे हो!"

त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तरानू, ह्येका पाणी म्हणतत? ह्यां डबकां आसा. आमच्या कोकणात अशात म्हशी बसतत."

आणि थुंकला.

तो मूळचा मालवणाकडचा. धरणावरच्या कुणा साहेबानं लाँच चालवायला म्हणून त्याला समुद्रावरून उचलून डोंगरात आणला होता. साहेब बदलून गेला, लाँच गंजली, हा उरला. पुढं दोन्ही काठांवरच्या लोकांसाठी लोकल बोर्डानं एक लाकडी नाव दिली आणि ती चालवायला हाच मिळाला. पण त्याला नावाडी म्हटलेलं खपत नसे. नावाडी नदीला असतो. समुद्रावर होडीच्या धन्याला तांडेल म्हणतात, म्हणून त्याला तांडेल म्हणायचं. चुकून कुणी "ओ नावाडी" अशी हाक मारली, तर तो अर्ध्या पाण्यात नाव थांबवून विडी पेटवायचा आणि चूक दुरुस्त होईपर्यंत ओढत बसायचा.

बुटका, काळाभोर, पाय फाकवून चालणारा. जमिनीवरही असा चालायचा की खाली फळी डुलते आहे. काठावरच्या त्याच्या झोपडीचं दार त्यानं पश्चिमेला केलं होतं. इकडं पश्चिमेचा पाऊस असा येतो की त्या बाजूला कुणी खिडकीसुद्धा ठेवत नाही. पावसाळ्याचे चार महिने त्याच्या घरात घोट्याएवढं पाणी असायचं. विचारलं तर म्हणायचा, "आमच्या कोकणाकडे पाठ करून कसो निजू?"

आमच्या वडिलांचा छोटा छापखाना होता आणि मी अक्षरं पत्रकांवर शिकलो. मला लिहिता आलेला पहिला शब्द 'बंधूंनो' हा होता. त्यामुळं मातीचा अभिमान, मुलखाचा अभिमान असलं काही ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. निसर्गसौंदर्य ही गरिबाला पगाराऐवजी दिलेली बक्षिसी आहे, असं माझं एक वाक्य होतं. ते मी तांडेलाला ऐकवलं.

"तुमच्या कोकणात माड आहेत, पोफळी आहेत, समुद्राची गाज आहे. मग तुमची पोरं मुंबईला गिरणीत कशाला मरायला जातात?"

"पोटाक."

"म्हणजे कोकणात पोट भरत नाही."

"मास्तरानू," तो शांतपणे म्हणाला, "देवळातलो देव बघूक सुंदर असता. तेका कोण खाता काय?"

याला उत्तर म्हणून मी एक पत्रक लिहायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही.

त्याच्या बढाया ऐकायला एक हक्काचं माणूस होतं, भागूबाई. पलीकडच्या काठावरच्या वाडीत एकटी राहणारी, चाळिशीच्या पुढची विधवा. धरण झालं तेव्हा हिच्या सासऱ्यांचं गाव पाण्याखाली गेलं. उरलेली माणसं वर डोंगराच्या कडेला सरकली आणि तिथं वाडी करून राहिली. भागूबाईनं ते जुनं गाव स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सासूकडून ऐकलं होतं. पण बोलायची अशी की कालच तिथून निघून आली. तिचं माहेर आमच्या काठावर, त्यामुळं ती सारखी नावेत असायची. तांडेल डोंगराच्या पल्याडचं सांगायचा, ही पाण्याच्या खालचं. दोघांनाही दाखवायला काही नव्हतं, म्हणून दोघंही बिनधास्त होते.

"आमच्या कोकणात आंबो असो, की सुरी लावल्यार वास गावभर जाता."

"आमच्या गावातला आंबेमोहोर चुलीवर ठिवला ना, तर वाटंनं जानारा मानूस जेवाया बसायचा."

"तांदळाक वास कित्याक व्हयो गो? आमचो तांबडो उकडो तांदूळ बघ. वास नाय, बडेजाव नाय. पोटात गेलो की गप बसता."

"गप बसनार न्हाई तर काय करंल? तुमच्या त्या लाल भाताला तोंड दाखवायची लाज वाटत आसंल!"

नाव हसायची. तांडेल हसत नसे. कोकणावर विनोद करायचा हक्क त्यानं समुद्रालाच दिला होता, आणि समुद्र तिथं नव्हता. उन्हाळ्यात मात्र भागूबाई वाडीतले रायवळ आंबे टोपलीत घालून आणायची. हा डोळे मिटून एक चोखायचा, "ह्येका आंबो म्हणूक जीभ रेटत नाय," म्हणायचा आणि दुसऱ्याला हात घालायचा. टोपलीचा तळ दिसेपर्यंत त्याचं मत बदलत नसे.

तेव्हा भाषावार राज्याच्या चळवळीचे दिवस होते. मी नावेत बसल्या बसल्या मुंबईसह महाराष्ट्राचं महत्त्व सांगायचो. तांडेल लक्ष देऊन ऐकायचा. एकदा त्यानं पाठिंबाही जाहीर केला, फक्त एका अटीवर. "महाराष्ट्र करा. माझी ना नाय. पण राजधानी मालवणाक ठेवा. मुंबईक समुद्र आसा, पण तो साहेबाच्या वळणाचो झालो."

इथवर सगळं गमतीचं होतं. गंमत संपायची ज्येष्ठात.

ज्येष्ठात पहिला जोराचा पाऊस झाला की तांडेल नाव ओढून काठावर घ्यायचा, पालथी घालायचा आणि झाकायचा. त्यांच्याकडं किनाऱ्यावर माडाच्या झापांनी होड्या झाकतात. इथं माड कुठले? हा कारवीच्या काटक्या आणि पेंढा रचायचा. मग सुकाणू काढून झोपडीच्या आढ्याला टांगायचा आणि जाहीर करायचा, आता नारळी पुनवेपर्यंत होडी पाण्यात जाणार नाही. पुनवेला दर्याला नारळ द्यायचा, मग दर्या शांत होतो, मग होडी घालायची. कोकणाची रीत.

कोकणात ती रीत शहाणपणाची असेल. पण इथं? नारळी पौर्णिमा श्रावणात. म्हणजे लावणीचा सगळा हंगाम नाव पालथी. पलीकडच्या वाडीला बाजार नाही, डॉक्टर नाही, मीठसुद्धा नाही. पायी यायचं तर पाण्याला वळसा घालून, फुगलेले ओढे ओलांडत, वाटेत एक मुक्काम करून यावं लागे. का? तर मालवणच्या समुद्राचा नेम मुळशीच्या धरणाला लावलेला.

एका वर्षी वाडीतल्या तरण्यांनी वळसा घालून येऊन रात्री नाव सुलटी केली, पाण्यात ढकलली आणि तीत बसले. सुकाणू आढ्याला होतं. नाव मध्यावर गेली आणि गोल गोल फिरत राहिली. उजाडल्यावर दोन्ही काठांवर माणसं जमली. तांडेल दारात उकिडवा बसून चहा पीत होता. "फिरवा, फिरवा," तो ओरडला, "जत्रेत पैशे पडतत ह्येका!"

हे मात्र मला सहन होईना. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. "तांडेल, हे धरण आहे. याला भरती नाही, ओहोटी नाही. याचा पौर्णिमेशी संबंध काय? आणि तुम्हीच याला डबकं म्हणता!"

"ह्या पाणी खय जाता, ठावक आसा?"

ठाऊक कसं नसणार? तो माझ्या पत्रकांचा आवडता विषय होता. हे पाणी मोठमोठ्या नळांतून डोंगराच्या पलीकडं कोकणात सोडतात, त्याच्यावर वीज होते आणि ती वीज मुंबईला जाते. आमच्या काठावर रॉकेलची चिमणी.

"वीज जाता मुंबईक. पाणी खय जाता?"

"खाडीत. तिथून समुद्रात."

"मगे?" तो म्हणाला. "पाणी आमच्या दर्याचाच ना? हय वाटेत बसलेला आसा. माझ्यासारख्या."

"मग त्यात थुंकता कशाला?"

"वाटेत बसला म्हणान."

मी पुण्याला जाऊन पत्रक छापून आणलं. मथळा होता, 'नारळ की माणूस?' त्यात रूढी, अज्ञान, प्रांतिक अहंकार या सगळ्यांचा समाचार होता आणि भरपावसात नाव चालू ठेवण्याची मागणी होती. काठावर वाचता येणारी माणसं मोजकीच. तांडेलाला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्याच्यावरचं पत्रक मलाच त्याला वाचून दाखवावं लागलं. त्यानं मान डोलवत ऐकलं. फक्त एके ठिकाणी थांबवलं.

"'डबकं' छापलात?"

"तुमचाच शब्द आहे."

"मी म्हणतंय तां वेगळां. मी घरचो. छापूक बरां दिसत नाय." मग बोट वर करून म्हणाला, "थंय 'खवळलेला सागर' घाला."

त्याच वर्षी आषाढात पाऊस असा कोसळला की पलीकडच्या वाडीवर डोंगराची एक कड सुटली. माणसं वाचली, पण भागूबाईचं भाताचं रोप चिखलाखाली गाडलं गेलं. तिचं एकच खाचर, आणि वर्षाचं खाणं त्या एका खाचरावर. रोप नाही म्हणजे लावणी नाही. लावणी नाही म्हणजे वर्षभर दुसऱ्याच्या दारात.

ती डोक्यावर इरलं घेऊन, ओढ्यांतून वाट काढत, वळसा घालून आमच्या काठावर आली. तिच्या भावाकडं, गेनूकडं, रोप जास्तीचं होतं. त्यानं सकाळीच उपटून जुड्या बांधून दिल्या. आता ते पलीकडं न्यायचं होतं. डोक्यावर एवढं ओझं घेऊन ती वाट चालता येत नाही, आणि उपटलेलं रोप मुक्काम सोसत नाही. पिवळं पडतं, मुळ्या कुजतात. नावेतून गेलं तर दुपारपर्यंत खाचरात. नाहीतर उकिरड्यात.

गेनू, मी आणि ती, जुड्यांचे भारे घेऊन तांडेलाच्या दारात उभे राहिलो. मी माझं पत्रक तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली होती. भागूबाईनं मला हातानं बाजूला केलं.

"तांडेल, नाव काडा."

"पुनव झाल्यार."

"पुनवंपातूर रोपाचं खत हुईल."

"माका ठावक आसा गो बाये. पण मी नाय घालूचंय."

"का? दर्या काय खातुया का काय?"

"खाता," तांडेल म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "एकदा मोडलंय मी हो नेम. पुनवेच्या आधी गेलंय. चार मासळी जास्ती गावतीत म्हणान. होडी गेली. धाकटो भाव गेलो. मी तेवढो काठाक लागलंय. मगे गावात तोंड खय दाखवू? साहेब इलो, म्हणालो डोंगरात येतस? इलंय."

एवढी वर्षं मी त्या माणसाचं कोकण ऐकत होतो. माड, पोफळी, आंबा, गाज. हा मजकूर त्यात कधी आला नव्हता. पाऊस पेंढ्यावर वाजत होता. असल्या प्रसंगाचं वाक्य पत्रकांत नसतं.

भागूबाईला मात्र सुचलं. ती पावसात तशीच उभी राहून म्हणाली, "त्यो दर्या तुमचा हुता, तांडेल. ह्यात आमचं घर हाय. चूल हाय, उंबरा हाय, देवळाचं जोतं हाय. आपल्या घरावरनं जायाला पुनव लागती व्हय?"

तांडेलानं पाण्याकडं पाहिलं. मग आत गेला आणि आढ्याचं सुकाणू काढून घेऊन आला.

"पण नारळ व्हयो," तो म्हणाला. "नारळाशिवाय मी पाण्याक पाय लावचंय नाय."

आषाढातल्या त्या पावसात, मुळशीत नारळ कुठून आणणार? दुकान बंद, एसटी बंद. गेनूनं कपाळाला हात लावला. भागूबाई वर डोंगरात चालती झाली. धरणाच्या वेळी बुडालेल्या गावातली देवी लोकांनी आमच्याच काठाला वर आणून एका झाडाखाली बसवली होती. तिथं कुणाच्या तरी नवसाचा नारळ फडक्यात बांधून टांगलेला होता. तो सोडून ती घेऊन आली.

"नवसाचो?" तांडेल चपापला. "देवीचो?"

"आईचा हाय. आई काय बोलनार न्हाई, तिचंबी घर तितंच हाय."

मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला असं मोठ्यानं सांगतात आणि भोवतालच्या लोकांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, नारळ दोन्ही हातांत वर धरला.

"बा दर्याच्या राजा म्हाराजा! पुनव लांब आसा ह्या माका ठावक, तुका ठावक!"

आम्हाला काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. त्यानं मागं वळून डोळे वटारले. "होय म्हाराजा म्हणा!"

"व्हय बाबा, व्हय," भागूबाई म्हणाली. "उरका."

"ह्या बायेचो भात पुनवेची वाट बघणारो न्हय! तर ह्यो नारळ आज घे, नि आजच पुनव झाली असां समज!"

"व्हय म्हाराजा!" गेनू.

"आणि ह्या मास्तरान तुझ्या विरुद्ध कागद छापल्यान! पोर आसा, मनावर घेव नको! तेका शाणपण दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" भागूबाई आणि गेनू एका दमात ओरडले. या एका वाक्याला दोघांचाही आवाज चांगला लागला. मी तोंड घट्ट मिटून उभा होतो, पण आवाज दोघांचाच आला असं मला शपथेवर सांगता येणार नाही.

त्यानं नारळ पाण्यात सोडला. वारा समोरून होता. नारळ डुचमळत परत काठाला आला. त्यानं पुन्हा सोडला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्यानं जोर लावून लांब फेकला. नारळ सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखा, त्याच्या पायाशी येऊन थांबला.

तांडेलाचा चेहरा राखेसारखा झाला. "घेणा नाय," तो पुटपुटला. "माझ्या हातचो घेणा नाय तो."

मी वाऱ्याची दिशा समजावून सांगणार होतो. शास्त्र माझ्या बाजूनं होतं. पण शास्त्राचं ऐकून तो त्या घटकेला नावेत बसला नसता, हे मलासुद्धा कळत होतं.

भागूबाईनं नारळ उचलला, पदराला पुसला आणि सरळ नावेत जाऊन बसली. "दारात टाकून कोन घेतं व्हय? पाव्हण्याला अंगनातनं वाटं लावल्यावानी! घरात न्हेऊन द्या. चला."

तांडेल तिच्याकडं बघतच राहिला. मग पाय फाकवून, तोल सावरत, नावेत चढला.

गेनूनं आणि मी वल्ही घेतली. जुड्या मध्ये, त्यांच्यावर भागूबाईचं इरलं. ती स्वतः भिजत बसली. लाटा खरंच होत्या. डबक्याला एवढ्या लाटा येतात हे मला माहीत नव्हतं. तांडेल सुकाणूवर उभा होता. मध्यावर आल्यावर भागूबाई म्हणाली, "थांबा हितं."

"घर हयच, ह्यां कसां कळला?" तांडेलानं विचारलं.

तिनं हात केला. "त्यो कडा आन ही खिंड एका रेघंत आली की खाली आमचं दार. सासूनं दाखिवलंय."

तांडेलानं कड्याकडं पाहिलं, खिंडीकडं पाहिलं. "आमी अशीच जागा धरतंव दर्यात," तो हळूच म्हणाला. "एक डोंगर, एक देऊळ."

भागूबाईनं नारळ त्याच्या हातात दिला. त्यानं वाकून पाण्यात सोडला. या वेळी तो नावेच्या कडेनं मागं मागं जात राहिला. काठाला कुठं लागला, ते कुणी पाहिलं नाही. रोप दुपारी खाचरात होतं.

त्या दिवसापासून नाव पावसातही चालू झाली. पण माझ्या पत्रकामुळं झाली असं कुणी म्हणेना. उलट पुढच्या वर्षी लोकांनी लावणीच्या आधी आपणहून नारळ आणला आणि बरोबर कडा-खिंडीच्या रेघेत नेऊन दिला. मी ज्या रूढीविरुद्ध पत्रक काढलं, तिच्या पोटातून दुसरी रूढी जन्माला आली. तिच्याविरुद्धही काही लिहायला हवं होतं. पण तिच्यामुळं पलीकडच्या वाडीला आषाढात मीठ मिळत होतं, आणि 'मीठ की तत्त्व?' असा मथळा मला बरा वाटेना.

रोप नावेतून नेलं त्याच वर्षी दिवाळीनंतर भागूबाई नव्या आंबेमोहोराचं गाठोडं घेऊन आली. "तुमच्या लाल भाताला बहीन आनलीया," म्हणाली आणि त्याच्या दारात ठेवून नावेत जाऊन बसली. संध्याकाळी त्यानं तो शिजवला. वास काठावरून माझ्या शाळेपर्यंत आला. मी वाटेनं जाणारा माणूस नव्हतो, मुद्दाम गेलो होतो. पण जेवायला बसलो.

तो मुकाट्यानं जेवला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग हात धुऊन, तंबाखू मळून दारात बसला. समोर पाणी काळवंडत चाललं होतं.

"बरो आसा," तो म्हणाला. "पण आमच्या कोकणात..."

तोंडात पिंक जमली म्हणून तो थांबला. सवयीनं पाण्याकडं तोंड केलं. तसाच थांबला. मग उठला, झोपडीच्या मागं गेला, तिकडं थुंकून आला आणि पुन्हा दारात बसला.

वाक्याचं पुढं काय, याची मी वाट पाहिली. तो पाण्याकडं बघत राहिला.